वॉशिंग मशीनच्या मागचा कॉक

वॉशिंग मशीन बंद असतं तेव्हा त्याच्या पाइपातलं पाणी कुठे गेलेलं नसतं. ते दाराशी अडून उभं असतं. मशीनच्या पाठीला जिथे पाइप जोडलेला असतो, तिथे आत विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. वीज मिळाली की तो उघडतो. वीज तुटली की स्प्रिंग त्याला मिटवते आणि मग पाण्याचा दाबच त्यातला रबरी पडदा घट्ट दाबून धरतो. म्हणजे भिंतीतल्या नळापासून या व्हॉल्व्हपर्यंतचा जो रबरी पाइप मशीनमागे लोंबत असतो, तो नळ उघडा असेल तर रात्रंदिवस भरलेला आणि ताणलेला राहतो. आपण कपडे वाळत घालतो, दाराला कुलूप लावतो, चार दिवस परगावी जातो. पाइपाला सुटी नसते. भिंतीतल्या पक्क्या पाइपाला हा भार झेपतो, तो त्यासाठीच घातलेला असतो. रबराला तो जन्मभर झेपत नाही.

या पक्क्या आणि रबरी पाइपाच्या मधोमध एक कॉक असतो. बहुधा पितळेचा, हिरवट डाग पडलेला, वर गोल मूठ किंवा त्या मुठीचा उरलेला तुकडा. घरातल्या सगळ्या सामानात या कॉकची मला जितकी काळजी वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही. त्याच्यावर कुणी काही लिहीत नाही, घर दाखवताना कुणी तो दाखवत नाही, आणि त्याच्याकडे वळायची वेळ येते ती नेमकी भलत्या प्रसंगी, जमिनीवर पाणी पसरायला लागल्यावर.

बेसिनच्या नळाला दिवसभर हात लागतो. तो जरा जड झाला, जरा ठिबकू लागला की घरात कुरकुर सुरू होते. मशीनमागचा कॉक मात्र मशीन बसवायला आलेला माणूस एकदा पूर्ण उघडतो आणि निघून जातो. मग मशीन भिंतीकडे सरकवलं जातं, मागे ओल, धूळ, कपड्यांचे तंतू साचत राहतात. काही वर्षांनी मशीन बदलतं. जुना पाइप निघतो, नवा लागतो, कॉक तोच राहतो. ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय: मशीनची तिसरी पिढी कामाला लागलेली आणि कॉक घराच्या बांधकामाइतकाच जुना.

आत काय घडत असतं ते एकदा समजून घेतलं की त्याच्याशी वागायची रीत आपोआप बदलते. जुन्या घरांत हा कॉक बहुधा फेऱ्यांचा असतो. मूठ फिरवली की स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा दांडा, आट्यांवरून खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा वॉशर पितळेच्या कड्यावर, म्हणजे सीटवर, दाबून बसतो. स्क्रूने दाबून मिटणाऱ्या नळाचं पेटंट इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ मध्ये घेतलं होतं, आणि आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही असंख्य भिंतींत तीच रचना काम करते आहे. रचना उत्तम आहे. पण ती फिरत राहण्यासाठी केलेली आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी उघडी राहिली की पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आट्यांमध्ये बसतात, वॉशरचं रबर कडक होतं, स्पिंडलभोवती पाणी अडवायला भरलेलं पॅकिंग वाळून आक्रसतं. पाणी जितकं जड, तितकं हे लवकर. गरम पाण्याच्या वाहिनीवर तर आणखी लवकर, कारण तापलेल्या पाण्यातून क्षार अधिक सहजपणे बाहेर पडतात.

काही ठिकाणी याच जागी गेट व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्यात वॉशर नसतो, एक पाचर असते जी वरून खाली येऊन वाट अडवते. पूर्ण उघडा असताना पाणी त्यातून बिनअडथळा जातं, हे त्याचं मोठेपण. पण पाचरेच्या खोबणीत गाळ आणि क्षार बसले की ती तळाला टेकत नाही. जोर केला की कधीकधी पाचर आणि स्पिंडल यांची फारकत होते. मग बाहेर मूठ छान गरगर फिरते, हाताला वाटतं की कॉक बंद झाला, आणि आत पाणी पूर्वीसारखंच वाहत असतं. अजिबात न फिरणाऱ्या कॉकपेक्षा मला या कॉकची भीती जास्त वाटते. न फिरणारा निदान पहिल्याच क्षणी सांगतो की माझ्यावर विसंबू नका.

आणि मग पितळेचा स्वतःचा आजार. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काही प्रकारच्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि मागे उरतं ते सच्छिद्र, लालसर, ताकद गेलेलं तांबं. आकार तोच राहतो, आटे तेच दिसतात. वाळवी लागलेली चौकट बाहेरून रंगाने चकचकीत असते आणि अंगठा दाबला की आत जातो, तसं हे. पान्याचा एक नेटाचा हिसका बसला की असा कॉक भिंतीच्या तोंडाशी मोडतो, आणि मोडलेला तुकडा आत राहतो. म्हणून जुन्या कॉकवर कुठे लालसर चट्टा दिसला, किंवा जोडावर पांढरी, पिठासारखी पूड साचलेली दिसली, तर त्याच्याशी झटापट न करता सरळ बदलायचं ठरवावं. ही पांढरी पूड म्हणजे आधीच सुरू झालेल्या बारीक गळतीची खूण असू शकते. थेंब बाहेर आला, वाळला, क्षार मागे राहिले, असं पुन्हापुन्हा घडलेलं असतं.

इथे एक गोष्ट मी ठासून सांगेन. मशीनमागच्या जुन्या कॉकला हात लावण्याआधी घराचा मुख्य कॉक शोधा, तो बंद करून पाहा, आणि तो खरोखर बंद होतो याची खात्री करा. बंद केल्यावर घरातला सर्वांत खालचा नळ उघडून ठेवायचा. धार बारीक होत होत थांबली पाहिजे. थांबली नाही तर आजचं काम तिथेच संपलं. आधी मुख्य कॉक दुरुस्त होईल, मग पुढचं. अनेक मजल्यांच्या इमारतीत हा कॉक घराबाहेर, जिन्यात किंवा गच्चीवर असतो, त्याची किल्ली दुसऱ्याच कुणाकडे असते आणि तो बंद केला की इतरांचंही पाणी जातं. तेही आधीच माहीत असावं लागतं. आमच्याकडे येणारे प्लंबरकाका पान्याची पिशवी उघडण्याआधी हे करतात. मुख्य कॉक बंद, खालचा नळ उघडा, आणि मग पाइपातलं राहिलेलं पाणी निथळेपर्यंत शांत उभे राहतात. मला त्यांच्या कामात सर्वांत जास्त आदर त्या उभं राहण्याबद्दल वाटतो. घाई नावाची गोष्ट त्यांच्या हाताला माहीत नाही.

त्यानंतर कॉक हलवून पाहायचा. हाताच्याच जोराने. घट्ट असेल तर स्पिंडल जिथून बाहेर येतो तिथे, म्हणजे ग्लँड नटच्या तोंडाशी, गंज सैल करणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून थांबायचं. अर्धा तास, जमलं तर जास्त. मग मूठ थोडी पुढे, थोडी मागे. बंद करण्याच्याच दिशेने रेटत राहिलं तर क्षारांची भुकटी आट्यांतच चेंगरते. पुढे-मागे केलं की ती हळूहळू सुटून बाहेर येते. मूठ पकडीने पिळू नये. मूठ तुटली तर परवडली, पण स्पिंडल पिळला गेला तर कॉक कायमचा उघडा राहतो. पाना लावायचाच झाला तर दोन पाने लागतात, एक फिरवायला आणि दुसरा कॉकचं अंग धरून ठेवायला, म्हणजे सगळा पीळ भिंतीतल्या जोडावर जात नाही. भिंतीच्या आतला जोड हलला तर ती गळती डोळ्यांना दिसत नाही, ती पलीकडच्या खोलीत ओलीच्या रूपाने उगवते.

बऱ्याचदा जुना कॉक हलला की स्पिंडलपाशी गळायला लागतो. याने लोक घाबरतात आणि पुन्हा कधी त्याला हात न लावण्याची शपथ घेतात. खरं तर ही सर्वांत सोपी तक्रार. ग्लँड नट अगदी थोडा, फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा, आवळला की पुष्कळदा गळती थांबते. नाही थांबली तर पाणी बंद करून आत नवं पॅकिंग भरायचं, ग्रॅफाइटची दोरी किंवा टेफ्लॉनची. फेऱ्यांचा कॉक नुसता बंद होतो पण पूर्ण अडवत नाही, बारीक धार राहते, तेव्हा वॉशर गेलेला असतो. वॉशर मिळतो, बदलता येतो. सीटच खड्ड्यांनी भरली असेल तर मात्र कॉक बदलावा. खडबडीत सीटवर नवा वॉशर फार दिवस टिकत नाही.

जुन्या कॉकशी मशीनचं आणखी एक वैर आहे. मशीनमधला विजेचा व्हॉल्व्ह क्षणार्धात मिटतो. आपण नळ बंद करतो तेव्हा पाण्याला थांबायला वेळ मिळतो, इथे तो मिळत नाही. वाहत्या पाण्याचा सगळा वेग दाबात बदलतो आणि तो धक्का पाइपातून मागे धावतो. भिंतीतून ‘ठक्’ असा आवाज येतो तो हाच. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांवर प्रयोग करून या धक्क्याचं गणित १८९८ मध्ये मांडलं. त्याच्या सूत्राने पाहिलं तर आकडे डोळे उघडतात. धातूच्या पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १२०० मीटर धावते. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी एका झटक्यात थांबलं, तर क्षणभरासाठी दाब सुमारे १२ बारने चढतो. तुलनेसाठी, १० मीटर उंचीवरच्या टाकीतल्या पाण्याचा दाब असतो साधारण १ बार. रबरी पाइप फुगून यातला बराच धक्का गिळतो, आणि तेवढाच थकतो. एका धुण्यात मशीन अनेकदा पाणी घेतं आणि थांबवतं. प्रत्येक वेळी हा फटका जुन्या वॉशरला, सैल स्पिंडलला, भिंतीतल्या जोडाला बसत असतो.

आवाज कमी व्हावा म्हणून काहीजण कॉक अर्धवट मिटून ठेवतात. पाण्याचा वेग घटतो, त्यामुळे धक्काही घटतो, हे खरं. पण गेट व्हॉल्व्हच्या बाबतीत हे करू नये. अर्ध्यावर लटकलेली पाचर प्रवाहात थरथरते, कडा झिजतात आणि पुढे ती पूर्ण मिटेनाशी होते. आवाज फारच असेल तर धक्का झेलणारी हवेची किंवा स्प्रिंगची नळी मशीनच्या जोडाजवळ बसवता येते, आणि भिंतीवरचा सैल पाइप पट्टीने घट्ट बांधता येतो. पुष्कळदा आवाजाचं मूळ त्या सुटलेल्या पट्टीतच असतं.

बदलायचाच असेल तर मी बॉल व्हॉल्व्ह निवडते. चेंडूत आरपार भोक असतं आणि तो पाव फेऱ्यात वळतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. दारातून नजर टाकली तरी कळतं. पाव फेऱ्याचा हा विचार नवा नाही. पॉम्पेईच्या अवशेषांत रोमन काळातले कांस्याचे कॉक सापडले आहेत, त्यांत असंच भोक पाडलेली गुडदी वळवून पाणी सोडत आणि अडवत. नवं आहे ते चेंडूला धरून बसणारं टेफ्लॉन, ज्याचा शोध १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना शीतकरणाच्या वायूंवर काम करताना अनपेक्षितपणे लागला. घसरट, न चिकटणारं, पाण्याने न कुजणारं. त्याच्यामुळे चेंडू न गळता बसतो आणि तरी सहज वळतो.

पण मी बॉल व्हॉल्व्ह निवडते त्याचं खरं कारण आई आहे. तिच्या बोटांचे सांधे आखडलेले असतात. गोल मूठ मुठीत धरून पिळणं तिला जमत नाही, आणि ती घरात एकटी असताना पाइप फुटला तर पाचसहा फेरे कोण मारणार? दांडी ती तळहाताने ढकलू शकते. घरातल्या ज्या माणसाच्या हातात सर्वांत कमी जोर आहे, त्याला जो कॉक बंद करता येतो तोच त्या घरासाठी योग्य, असं माझं ठाम मत आहे. गरम आणि गार असे दोन पाइप घेणारं मशीन असेल, तर एकाच दांडीने दोन्ही बंद होणारा जोडकॉकही मिळतो.

बॉल व्हॉल्व्हलाही हलवत राहावं लागतं. चेंडूवर क्षार चढले की तोही अडकतो. शिवाय पाव फेऱ्यात मिटतो म्हणून तो सटकन बंद करू नये. दांडी सावकाश ढकलावी, नाहीतर जो धक्का मशीन देतं तोच आपण देऊ.

सगळ्यात उत्तम म्हणजे धुणं झालं की कॉक बंद करणं. यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते: रोज फिरवून कॉक झिजेल. झिजेल, हे खरं आहे. पण झिजलेला वॉशर रोजच्या वापरात लक्षात येतो, थेंब दिसतो, सवडीने बदलता येतो. न वापरलेला कॉक किती बिघडलाय हे पाणी घरभर झाल्यावर कळतं. उघड्या पाइपातून मिनिटाला फक्त १० लिटर पाणी येतं असं धरलं तरी तासाला ६०० लिटर होतात. कामावरून परत यायला आठ तास लागत असतील तर ४८०० लिटर. हे गणित एकदा कागदावर मांडलं की कॉक बंद करण्याचा कंटाळा येत नाही. रोज जमत नसेल तर निदान घराबाहेर मुक्कामाला जाताना तरी बंद करावा, आणि वर्षातून दोन-तीनदा मुद्दाम पूर्ण मिटवून पुन्हा उघडावा. फेऱ्यांचा कॉक पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावा. अगदी टोकाला घट्ट करून सोडलेला स्पिंडल तिथेच धरून बसतो.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे सगळं दुसऱ्याचं काम वाटतं. कॉक घरमालकाचा असतो, पण भिजणारी गादी, कपाट, वह्या-पुस्तकं आपली असतात. राहायला जाताना भिंतींचा रंग आणि पंखे पाहतो तसा हा कॉक फिरवून पाहावा. फिरत नसेल तर सामान आत येण्याआधी सांगावं, कारण मशीन जागेवर बसल्यावर त्याच्या मागे शिरायला कुणी राजी नसतं. आणि नव्याने नळ काढायची संधी मिळाली तर तो मशीनच्या मागे नको, शेजारी हवा, कमरेच्या उंचीवर, मशीन न हलवता हात पोचेल असा. बांधकाम करणाऱ्याला हे सांगायला एक मिनिट लागतं.

नवा कॉक बसला की लगेच पाइप जोडू नये. आधी कॉकखाली बादली धरून पाणी जोरात सोडावं. काम चालू असताना सुटलेला गंज, क्षारांचे खडे, टेपचे तुकडे त्या पहिल्या धारेत येतात. ते मशीनच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकले तर मशीन पाणी हळूहळू घेतं आणि बिघाडाची खूण दाखवतं, आणि दोष नसताना मशीन दुरुस्तीसाठी खोललं जातं. कॉक भिंतीत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप लागते. रबरी पाइपाच्या चाकीला मात्र ती लावायची नाही, तिथे पाणी अडवायचं काम चाकीच्या आतल्या रबरी वॉशरचं असतं. तो वॉशर जागेवर आहे ना, चपटा झालेला नाही ना, एवढं पाहावं. चाकी हाताने घट्ट करावी, मग पान्याने किंचित. जोर लावून आवळली तर वॉशर फाटतो. पाइप जुना असेल, त्यावर फुगवटे किंवा भेगा असतील, तर तोही याच वेळी बदलावा. ५ वर्षं झाली की नवा, हा सर्वसाधारण सल्ला मला पटतो. वर स्टीलची जाळी असलेला पाइप जास्त टिकाऊ वाटतो, पण आत रबर किंवा प्लास्टिकची नळीच असते. जाळीवर गंजाचे ठिपके आले की त्याच्यावरही भरवसा ठेवू नये.

मग जोडाखाली कोरडा कागद पसरून रात्रभर तसंच सोडावं, कॉक उघडा आणि मशीन बंद. तासाभराच्या तपासणीत न दिसणारा थेंब सकाळपर्यंत कागदावर उमटतो. कागद कोरडा निघाला तर एक धुणं काढून पुन्हा जोडांवरून बोट फिरवावं, कारण मशीनचे हिसके बसल्यावरच सैल चाकी उघडी पडते. त्यानंतर मशीन मागे सरकवावं, पण भिंतीला टेकवू नये. पाइप फुटतो तो बहुधा चाकीजवळ, जिथे तो दुमडला जातो. मागे वीतभर नसली तरी चार-पाच इंच जागा राहिली, तर त्याला वळण घेता येतं.